सारखी दिसतात, सारखी नसतात

(रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी मावळातल्या सुदुंबरे गावची. संत संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे, तेच हे गाव. मी इथं बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. एरवी मी या रेडिओवर येते ती कर्जाचे हप्ते, बँकेची कागदपत्रं, नाहीतर हिशेबाची वही यावर बोलायला. या वेळी मात्र ताई म्हणाल्या, "वहीचं पुष्कळ झालं. आता घरातलं बोला. तीन पोरांचं कसं करता ते सांगा." मी म्हटलं, "करते कसलं, रोज चुकते आणि रोज दुरुस्त करते." त्या म्हणाल्या, "मग तेच सांगा."

तर तेच सांगते.

मला तीन मुलगे. थोरला दहा वर्षांचा, पाचवीत आहे. त्याच्या पाठची जुळी, सात वर्षांची, दुसरीत आहेत. दोघं अगदी एकसारखी. नाक, डोळे, केसांचा भोवरा, हसताना गालावर पडणारी खळी, सगळं सारखं. एक सात मिनिटं आधी जन्मला म्हणून तो मधला, दुसरा धाकटा. त्यांची नावं मी सांगणार नाही. पोरांनी घरातून निघतानाच बजावलंय, "आई, रेडिओवर आमचं नाव घेऊ नको, शाळेत चिडवतात." तेव्हा थोरला, मधला आणि धाकटा, एवढंच म्हणेन.

जुळी आहेत हे कळलं ते चौथ्या महिन्यात, सोनोग्राफीत. घरी सांगितल्यावर पहिला प्रश्न काय आला असेल? "जोडकेळं खाल्लं होतंस का गं?" तुमच्याकडेही म्हणत असतील. मी आयुष्यात कधी जोडकेळं खाल्लेलं आठवत नव्हतं, तरी चार दिवस मी आठवत बसले. मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं. एकसारखी जुळी होतात ती एकाच गर्भाचे सुरुवातीच्या दिवसांत दोन भाग झाल्यामुळं. ते आपोआप होतं. आईच्या खाण्यामुळं होत नाही, नवसामुळं नाही आणि कुणाच्या नजरेमुळंही नाही. जगभर कुठंही बघा, हजार बाळंतपणांत साधारण तीन-चार वेळा असं होतं. दुसरी जुळी असतात ती दोन वेगळ्या बीजांची. ती एकमेकांसारखी दिसतीलच असं नाही, एक मुलगा एक मुलगीही असते. तो प्रकार आईच्या माहेरच्या रक्तात असू शकतो. माझी तशी नव्हती. त्यामुळं कौतुकही माझं नाही आणि दोषही माझा नाही.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक सांगितलं. ते प्रत्येक गरोदर बाईनं लक्षात ठेवण्यासारखं आहे. जुळी असली की बाळंतपण लवकर होण्याची शक्यता जास्त, वजन कमी भरण्याची शक्यता जास्त आणि आईचं रक्त कमी होण्याची शक्यताही जास्त. म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत, लोहाच्या गोळ्या सोडायच्या नाहीत आणि बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच करायचं. आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, म्हणायच्या, "माझी चार बाळंतपणं घरी झाली, काय झालं?" मी काही बोलले नाही. पण आमच्या आशाताई रोज संध्याकाळी चहाला येऊन बसायला लागल्या आणि दहाव्या दिवशी आत्याच म्हणाल्या, "ने बाई तिला दवाखान्यात, पण चहा प्यायला येत जा."

आठ महिने पुरे होऊन थोडे दिवस झाले होते तेव्हाच बाळंत झाले. मधला दोन किलो दोनशे ग्रॅम भरला, धाकटा एक किलो सातशे. एकाच पोटात, एकाच अन्नावर वाढलेली दोघं, पण वारेतून एकाला जास्त मिळालं आणि दुसऱ्याला कमी. वाटणीचा हा फरक जन्माआधीच पडला होता. धाकट्याला सरकारी दवाखान्यातल्या नवजात कक्षात नऊ दिवस ठेवलं. तिथल्या सिस्टरांनी मला शिकवलं, की बाळाचं अंग कोरडं करून, डोक्यात टोपी घालून, उघड्या छातीशी धरून ठेवायचं आणि वरून पांघरूण घ्यायचं. आईच्या अंगाची ऊब हेच कमी वजनाच्या बाळाचं औषध. घरी आल्यावर मी एकाला धरायचे, तर दुसऱ्याला कोण धरणार? पोरांच्या पप्पांनी शर्ट काढला आणि धाकट्याला छातीशी घेऊन खाटेवर बसले. शेजारच्या बायका बघायला आल्या की पप्पा लाजून आत पळायचे. आत्या आधी हसल्या. पण पप्पांची चाकणला रात्रपाळी लागली, तेव्हा त्याच आत्या म्हणाल्या, "आण इकडं, माझ्याही छातीत ऊब हाय अजून."

दुधाचं विचाराल तर पहिले दीड महिने मला दिवस-रात्र कळली नाही. सगळे म्हणायचे, "दोघांना कसं पुरणार? वरचं दूध चालू कर." आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येऊन दोघांचं वजन करायच्या. काट्यावर आकडा वाढतोय ना? मग दूध पुरतंय. सहा महिने वरचं पाणीसुद्धा दिलं नाही. पण हे माझ्या एकटीच्या जिवावर झालं नाही. माझ्या गटातल्या बायकांनी पाळी लावून घेतली. रोज एक जण अकरा ते एक माझ्याकडं येऊन बसायची. काम काही नाही, फक्त पोरं सांभाळायची आणि मला झोपू द्यायचं. कुणी आळिवाची खीर आणली, कुणी मेथीचे लाडू. गटातून दहा हजारांचं कर्जही उचललं होतं, ते मी फेडलं. पण त्या दोन तासांच्या झोपेचं कर्ज अजून फिटलेलं नाही. मैत्रिणींनो, गटात बाळंतीण असेल तर तिला साडी-चोळी देताच, पण जमलं तर झोप द्या.

आता मूळ गोष्टीकडं येते.

पोरं घरी आल्यावर पहिली अडचण ओळखण्याची. मला ओळखू यायची. दिवसा यायची, रात्री दोन वाजता नाही. बाकीच्यांना तर मुळीच नाही. कधी एकाला दोनदा पाजलं जायचं आणि दुसरा कोरडा राहायचा. म्हणून मी मधल्याच्या उजव्या मनगटात सैलसर काळा दोरा बांधला, धाकट्याच्या डाव्या. कोणीही पोर उचललं की आधी हात बघायचं.

पुढं दोघं दीड वर्षांची झाली. पावसाळ्याचे दिवस, भाताच्या लावणीची गडबड. दोघांनाही ताप. मी मधल्याला तापाचं औषध पाजलं, धाकट्याला द्यायला वळले तर बाहेरून हाक आली, म्हणून उठले. परत आले तर आत्यांनी "राहिलेल्याला" औषध पाजलेलं होतं. फक्त राहिलेला तो नव्हता. दोरे त्या आठवड्यात कुजून तुटले होते आणि मी नवे बांधले नव्हते. मधल्याला दोनदा गेलं, धाकट्याला एकदाही नाही.

माझ्या हातापायातला जीव गेला. तशीच पोराला काखेत मारून दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी बाटली बघितली, वजन विचारलं, किती चमचे गेले ते विचारलं आणि म्हणाले, "या वेळी निभावलं. पुढचा डोस द्यायचा नाही, लक्ष ठेवा. पण औषध वजनावर असतं, आणि दोन डोसांत चार ते सहा तास जावे लागतात. घरात देणारे हात दोन असतील तर लिहून ठेवत जा."

लिहून ठेवत जा! हे मला कुणी सांगावं? दर आठवड्याला पंधरा गटांना मी काय सांगते? नियमित बैठक, नियमित बचत, नियमित कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. पंचसूत्री पाठ आहे माझी. आमच्या गावात समाधी आहे ती तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजींची. आणि माझ्याच घरात औषधाचा हिशेब तोंडी! त्या रात्री मी गटाची एक कोरी वही काढली. पानावर तीन रकाने पाडले. थोरला, मधला, धाकटा. कोणाला काय दिलं, किती वाजता, कोणी दिलं. आत्यांना लिहिता येत नाही, तर त्या रकान्यात फक्त रेघ मारायच्या. वही भिंतीला खिळ्यावर टांगली, शेजारी सुतळीनं पेन्सिल बांधली. लसीकरणाची कार्डंही वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवली. लस टोचताना मी दरवेळी सिस्टरांना पोराचं पूर्ण नाव मोठ्यानं सांगते, आणि एकाचं कार्ड भरून झाल्याशिवाय दुसऱ्याला पुढं करत नाही.

तीन रकाने म्हटलं मी. पण खरं सांगायचं तर तिसरा रकाना मी उशिरा पाडला. पहिल्या वहीत दोनच होते.

झालं असं. दोरे नवीन बांधत होते. थोरला तेव्हा साडेचार वर्षांचा. तो कोपऱ्यात पोत्याच्या सुतळीचा तुकडा घेऊन आपल्याच मनगटाला बांधायची खटपट करत होता. एका हातानं गाठ बसत नव्हती. मी ओरडले, "काय करतोयस? हात कापेल." तो म्हणाला, "मला पण बांध ना. तू दोरा बघतेस आणि मग उचलतेस."

काय बोलणार यावर? दीड वर्ष या घरात येणारा प्रत्येक माणूस जुळ्यांकडं बघत होता. "कोणता कोणता?" असं विचारत होता. थोरल्याला कोणी विचारायचं तर एवढंच, "आता तू मोठा झालास हां, त्रास द्यायचा नाही." तीन वर्षांच्या पोराला एका दिवसात आम्ही मोठं केलं होतं. मधे काही महिने तो पुन्हा अंथरूण ओलं करायला लागला होता, त्यालाही मी रागावलेच होते. ते का होत होतं ते त्या सुतळीनं सांगितलं.

मी त्यालाही दोरा बांधला. आणि एक ठरवलं. संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला मी जाते, तेव्हा बरोबर फक्त थोरला येणार. जायला दहा मिनिटं, यायला दहा मिनिटं. त्या वाटेवर जुळ्यांचा विषय नाही. तो बोलेल ते ऐकायचं. आज तो दहा वर्षांचा आहे, वाटेत कधी कधी एक शब्द बोलत नाही, पण येतो. पाऊस असला तरी येतो. ज्यांच्या घरी लागोपाठ पोरं झालीत, त्यांना माझं एवढंच सांगणं. दिवसातून वीस मिनिटं एकेका पोराला एकट्याला द्या. वीस नाही जमली तर दहा द्या. पण एकट्याला द्या.

आता एक गंमत सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही रडकथाच सांगतेय. समाधीच्या उत्सवाला आमच्या गावात केवढी गर्दी असते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. पोरं चार वर्षांची असताना धाकटा गर्दीत हरवला. स्पीकरवरून पुकारलं. मंडपातल्या पोरांना मी सांगितलं, "निळा शर्ट, चार वर्षांचा, अगदी याच्यासारखा दिसतो," आणि मधल्याकडं बोट दाखवलं. मग मधल्याला आत्यांच्या हवाली करून मी दुसऱ्या बाजूला धावले. पाच मिनिटांत स्पीकर वाजला, "मुलगा सापडला!" जीव भांड्यात पडला. जाऊन बघते तर मधला! त्या भल्या पोरांनी त्याला आत्यांच्या हातातून ओढून आणला होता. आणि आत्या मागून ओरडत येतायत, "अरे चोरांनो, माझा नातू!" धाकटा मात्र प्रसादाच्या रांगेत तिसऱ्यांदा उभा होता. त्या दिवसापासून दोघांना एकसारखे कपडे घालणं मी बंद केलं. लोक हौसेनं जोडी आणतात, मी एक बदलून घेते.

कपडे बदलणं सोपं होतं. तुलना बंद करणं अवघड गेलं. आणि आता सांगते ती माझी सगळ्यात मोठी चूक.

जुळी दिसली की माणसं दोनच प्रश्न विचारतात. मोठा कोणता? आणि हुशार कोणता? पोरांच्या देखत विचारतात. पोरं पहिलीत गेली. मधला दिवाळीपर्यंत अक्षरं जुळवून वाचायला लागला. धाकटा वर्गात मागं बसायचा, खिडकीतून बाहेर बघायचा. घरी हाक मारली तर तिसऱ्या हाकेला वळायचा. टीव्हीचा आवाज वाढवायचा, कमी कर म्हटलं तर बघत राहायचा. आम्ही सगळे एकच वाक्य म्हणायला लागलो, "धाकटा ऐकत नाही." शाळेतून तीच तक्रार, ऐकत नाही. आत्या म्हणायच्या, मधला गुणी, हा हट्टी. एकदा मी दारातून चार हाका मारल्या, तो उंबऱ्यावर पाठमोरा बसून खेळत होता, वळला नाही. मी गेले आणि पाठीत धपाटा घातला. तो दचकला तो इतका, की मला तेव्हाच कळायला हवं होतं. पाठीमागून येणारी आई त्याला ऐकूच आली नव्हती. पण मला नाही कळलं. थोड्या दिवसांनी तोच आत्यांना सांगत होता, "मी दोन नंबर आहे. दादा एक नंबर, हा पण एक नंबर, मी दोन नंबर." मी ऐकलं आणि तेही सोडून दिलं.

मग शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यातून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा पोरांची तपासणी होते, हे तुम्हाला माहीत असेल. त्या पथकातल्या डॉक्टरांनी धाकट्याच्या मागं उभं राहून हळू आवाजात त्याचं नाव घेतलं. दोनदा घेतलं. तो हलला नाही. मधल्याच्या मागं उभं राहून तसंच केलं, तो लगेच वळला. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. धाकट्याला लहानपणापासून सर्दी फार. वारंवार सर्दी होऊन दोन्ही कानांच्या पडद्यामागं चिकट पाणी साचलं होतं. लहान पोरांत हे पुष्कळदा होतं म्हणाले. दुखत नाही, वाहत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पोराला फक्त सगळं कमी ऐकू येतं, उशीत तोंड घालून कोणी बोलावं तसं.

मैत्रिणींनो, मी तिथं खुर्चीवर बसून रडले. "ऐकत नाही" म्हणत होतो ना आम्ही? शब्द बरोबर होता, अर्थ चुकीचा लावला होता. पोराला ऐकू येत नव्हतं आणि आम्ही त्याला वाईट वळणाचं ठरवलं. त्यासाठी मारलंही.

उपचार झाले. काही महिने औषधं आणि तपासण्या, मग एक छोटी शस्त्रक्रिया करून ते पाणी काढलं. शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांनी तो अंगणात एकदम थांबला आणि विचारलं, "आई, हे काय वाजतंय?" शेजारी भाताचं वाळण होतं, त्यावर चिमण्या आल्या होत्या. सहा वर्षांच्या पोराला चिमण्यांचा आवाज कसला ते विचारावं लागलं. आता तो वर्गात पुढं बसतो. वाचायला लागलाय. मधल्याएवढं भराभर वाचत नाही आणि आता त्याची घाई मला नाही.

यातून मी जे शिकले ते नीट सांगते, कारण ते फक्त जुळ्यांपुरतं नाही. पोरांची तुलना करू नये असं आपण म्हणतो. पण तुलना झाली म्हणूनच त्या डॉक्टरांना फरक कळला. दोघं एका रक्ताची, एका घरातली, एका वयाची. मग एकाला जमतं आणि दुसऱ्याला नाही, तर "हा मठ्ठ" म्हणण्याआधी "असं का?" हा प्रश्न मला पडायला हवा होता. म्हणून मी आता म्हणते, तुलना डोळ्यांनी करा, तोंडानं करू नका. एका पोराचं वजन वाढतंय, दुसऱ्याचं थांबलंय, एक लांबचं वाचतो, दुसरा डोळे बारीक करतो, एक हाकेला वळतो, दुसरा नाही. हे सगळं बघा आणि डॉक्टरांना, अंगणवाडीताईंना सांगा. पोरांना मात्र सांगू नका. आणि मूल ऐकत नाही असं वाटलं तर रागवण्याआधी त्याच्या पाठीमागं उभं राहून हळूच नाव घेऊन बघा. याला पैसा लागत नाही.

सारखी दिसणारी पोरं सारखी नसतात, हे सरकारी मशीनलाही कळतं बरं का. पाचव्या वर्षी आधारसाठी बोटांचे ठसे द्यायला गेलो. माझ्या मनात भीती, की मशीन दोघांना एकच समजेल. ठसे घेणारा मुलगा हसला. म्हणाला, "मावशी, एकसारख्या जुळ्यांचेही ठसे वेगळे असतात." जे मशीनला दिसतं ते आईला दिसू नये का?

आता शेवटचा मुद्दा, कामाचा. तीन मुलगे म्हटल्यावर लोक दोन प्रकारे बोलतात. काही म्हणतात, "नशीबवान गं बाई, तीन वाघ!" आणि काही म्हणतात, "एक मुलगी हवी होती गं, हाताखाली आली असती." दोन्ही बोलण्यांचा अर्थ एकच, मुलगे काम करणार नाहीत. आपल्या मावळातल्या जात्यावरच्या ओव्यांत बायांनी लेकीला मैना म्हटलंय आणि लेकाला राघू. दोघंही पाखरंच ना? मग एकीनंच केर का काढायचा?

म्हणून आमच्या घरी दर रविवारी संध्याकाळी बैठक असते. गटाची असते तशीच. सतरंजी टाकायची, हजेरी घ्यायची. अध्यक्ष दर रविवारी बदलतो. वहीत आठवड्याची कामं लिहायची आणि ती वाटून घ्यायची. थोरला कणीक मळतो, भाकरी अजून नकाशासारखी होते, पण भाजतो. मधला केर काढतो आणि अंथरुणं घालतो. धाकट्याकडं कोंबड्या आणि दुपारची भांडी. महिन्यानं कामं बदलतात. पप्पांचंही नाव वहीत आहे, त्यांच्याकडं शनिवारचे कपडे. ज्यानं काम चुकवलं त्याला दंड, पैशाचा नाही, दुसऱ्याचं एक काम जास्त करायचं. भांडणाचा विषयही बैठकीतच काढायचा. तोपर्यंत निम्मी भांडणं पोरं विसरलेली असतात.

सगळं गोड चालतं असं समजू नका. तीन पोरं म्हणजे घरात शांतता नाही. आमच्या गावात एनडीआरएफची पाचवी बटालियन आहे, त्यांच्या नारिंगी गणवेशातले जवान बघून पोरांचा खेळ तोच. एक बुडणार, दुसरा दोर टाकणार, तिसरा हुकूम सोडणार. परवा माझी नवी नारिंगी ओढणी विहिरीच्या कठड्यावर सापडली. ती मी काही न बोलता घडी करून ठेवली, पण त्या रविवारी बैठकीत विषय मी मांडला. विहिरीपाशी खेळणाऱ्याला महिनाभर कोंबड्या. ठराव एकमतानं मंजूर झाला.

आणि जाता जाता एक कामाची माहिती. मागं गटातल्या बायका मला म्हणाल्या, तू ग्रामपंचायतीला उभी राहा. लगेच कोणीतरी म्हणालं, "तिला तीन पोरं, तिचा अर्ज बाद होईल." मीही खरं मानलं. नंतर नियम वाचला. 12 सप्टेंबर 2001 नंतर दोनपेक्षा जास्त मुलं झाली तर उभं राहता येत नाही, हे खरं. पण आधी एकच मूल असेल आणि पुढच्या एकाच बाळंतपणात जुळी झाली, तर ती दोन मिळून एकच धरली जातात. म्हणजे मी उभी राहू शकत होते. त्या वेळी मी राहिले नाही ती माझ्या कारणानं, पण नियमाचं खोटं कारण माझ्यापुढं कोणी ठेवायला नको होतं. तुमच्या गटात जुळ्यांची आई असेल तर तिला हे सांगा, आणि अर्ज भरण्याआधी तहसील कार्यालयात खात्री करून घ्या. गंमत अशी, की कायद्याच्या कागदावर माझी जुळी एकच आहेत. घरात मात्र ती दोन, आणि थोरला धरून तीन वेगळी माणसं.

पुढच्या बैठकीत तुमच्या गटात तीन गोष्टींवर बोला. एक, आपल्या घरात कोणत्या पोराला आपण "ऐकत नाही", "मठ्ठ", "हट्टी" असं नाव ठेवलंय, आणि ते का तसं करतं हे कधी बघितलंय का? दोन, कोणतं पोर कोपऱ्यात सुतळी घेऊन बसलंय? तीन, गटात आत्ता कोणाला दोन तास झोपेची गरज आहे आणि तिच्या घरी उद्या अकरा वाजता कोण जाणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहा, नावासकट.

निघते आता. संध्याकाळ झाली, डेअरीची वेळ आहे. थोरला बाहेर किटली घेऊन थांबलाय.

राम कृष्ण हरी.